प्रमुख खेळाडू राखण्यासाठी संघमालकाने कुठवर पैसे मोजावेत?

तळरेषा

२०२५ च्या जूनमध्ये इंडियाना पेसर्स एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत झुंजले आणि त्याच सामन्याच्या पहिल्या क्वार्टरमध्ये टायरिस हॅलिबर्टनची घोट्यामागची अकिलीस शीर तुटली. विजेतेपद हुकले, पुढचा हंगाम हॅलिबर्टनविना काढावा लागणार हे कळून चुकले, आणि पंधरवडा उलटण्याच्या आत दहा वर्षे त्याच एका संघाकडून खेळलेला सेंटर माइल्स टर्नर मिलवॉकी बक्सकडे निघून गेला. बक्सने त्याला ४ वर्षांसाठी १० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार दिला. ज्या इंडियानाने तोवर सुमारे दोन दशकांत लक्झरी टॅक्स (खेळाडूंचे एकूण वेतन ठरावीक रेषेपुढे गेल्यास लीगला द्यावा लागणारा कर) भरला नव्हता, तिने तेवढी रक्कम मोजली नाही.

त्याच उन्हाळ्यात बॉस्टन सेल्टिक्सने आपल्या २०२४ च्या विजेत्या संघातील ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोघांना ट्रेड करून, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला गेला. तेथेही कारण पैशाचेच होते. संघ जसाच्या तसा ठेवला असता तर वेतन आणि कर मिळून एका हंगामाचा खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात पोहोचला असता.

माझा प्रश्न असा की, विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेला किंवा ते नुकतेच मिळवलेला संघ मालकाने केवळ खर्च वाढतो म्हणून मोडू द्यावा का? मालक वर्षाच्या हिशेबात तोटा दाखवतात हे मला मान्य आहे, परंतु त्यांची खरी कमाई वर्षाच्या हिशेबात दिसतच नाही. बॉस्टनचा संघ २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला विकला गेला होता आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याचा सौदा ६१० कोटींना जाहीर झाला, म्हणजे जवळजवळ १७ पट. गोल्डन स्टेटचा संघ २०१० मध्ये ४५ कोटींना घेतला गेला, आणि आज तेवढ्या रकमेत त्या संघाचा छोटासा हिस्साच काय तो मिळेल. लेकर्सचे मूल्य तर २०२५ च्या व्यवहारात १००० कोटी डॉलर धरले गेले. ही वाढ खेळाडूंच्या जिवावर झालेली असताना, त्यातला एक तुकडा त्यांना राखण्यासाठी मोजायला मालकाने का कचरावे, हे मला समजत नाही.

ज्यांना या हिशेबाची आतली माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘शेवटी तो धंदा आहे’ एवढ्यावर उत्तर संपवू नये, ही विनंती.

हिशेबनीस

आपला प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मालकाला परवडते का, हा एक प्रश्न आहे आणि नियम त्याला ते करू देतात का, हा दुसरा. पूर्वी दुसरा प्रश्न फारसा उद्भवत नसे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानंतर तोच मुख्य होऊन बसला आहे.

एनबीएमध्ये वेतनमर्यादा १९८४-८५ च्या हंगामापासून आहे. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती आणि २०२५-२६ साठी ती १५.४६ कोटी डॉलर आहे. ही मर्यादा लवचीक आहे, म्हणजे स्वतःचा जुना खेळाडू राखायचा असेल तर संघाला ती ओलांडता येते. लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी ही सवलत साधारणपणे अशा खेळाडूला लागू होते, ज्याने मधल्या काळात फ्री एजंट (करार संपून कोणाकडेही जायला मोकळा खेळाडू) म्हणून संघ न बदलता तीन हंगाम काढले आहेत. आपले खेळाडू आपल्याकडे राहावेत ही लीगची इच्छा नियमांत पहिल्यापासून आहे, हे लक्षात घ्यावे. मात्र त्या इच्छेवर कर बसवला गेला, आणि कर पुरेसा पडत नाही असे दिसल्यावर निर्बंधही आले.

कराचा एक हिशेब नीट मांडून पाहू. २०२५-२६ साठी लक्झरी टॅक्सची रेषा सुमारे १८.७९ कोटी डॉलरवर आहे. समजा, एखादा संघ बरोबर त्या रेषेवर उभा आहे आणि त्याला बाकावरचा एक उपयुक्त गार्ड ५० लाख डॉलरला राखायचा आहे. संघ पूर्वी वारंवार कर भरणाऱ्यांपैकी नसेल, तर पहिल्या टप्प्यात डॉलरमागे एक डॉलर कर लागतो, म्हणजे हा खेळाडू मालकाला १ कोटीला पडतो. तोच संघ वारंवार कर भरणारा असेल तर पहिल्याच टप्प्यात डॉलरमागे तीन डॉलर लागतात आणि ५० लाखांचा तोच गार्ड २ कोटींना पडतो. रेषेच्या जितके वर जावे तितका दर चढत जातो. शिवाय जमा झालेल्या कराचा निम्मा भाग कर न भरणाऱ्या संघांत वाटला जातो, म्हणजे रेषा ओलांडणारा मालक कर तर भरतोच, वर त्या वाट्यालाही मुकतो. नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी वेतन किती आहे यावर हा कर ठरतो, त्यामुळे दर फेब्रुवारीत ट्रेडची मुदत संपण्याआधी कोणीतरी एखादा खेळाडू दुसऱ्याच्या गळ्यात बांधून रेषेखाली सटकतो. चाहत्यांना तो ट्रेड अनाकलनीय वाटतो, पण लेखापालाला मुळीच वाटत नाही.

एवढेच असते तर आपले म्हणणे मी जवळजवळ पूर्ण मान्य केले असते, कारण हा सगळा पैशाचाच मामला आहे आणि पैसा त्यांच्याकडे आहे. परंतु सेकंड एप्रन नावाची जी वरची रेषा आता आखली आहे (२०२५-२६ साठी सुमारे २०.७८ कोटी डॉलर), तिच्यापलीकडे गेलेल्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, मधल्या फळीतील फ्री एजंटसाठी असलेली सवलत वापरता येत नाही आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवड (दरवर्षी नवख्या खेळाडूंतून एकाला घेण्याचा हक्क) गोठवली जाते. पुढच्या चारपैकी दोन वर्षे पुन्हा तेथेच राहिल्यास ती निवड फेरीच्या अगदी शेवटी ढकलली जाते. हे नुकसान चेक लिहून भरून काढता येत नाही. मालक कितीही उदार असला, तरी या रेषेपलीकडे त्याचे औदार्य संघालाच जखडून ठेवते.

संघाच्या मूल्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ६१० कोटींचे मूल्य हे विकणाऱ्याच्या हाती पडते. जो विकत नाही त्याला कराचा चेक रोख पैशातूनच द्यावा लागतो, आणि बहुतेक संघांत एकच मालक नसून भागीदारांचा गट असतो, त्यातल्या प्रत्येकाने दरवर्षी गाठीचे पैसे आणून ओतावेत हे सहज घडत नाही.

पाचवा खेळाडू

हिशेबनीस यांचे गणित अचूक आहे, आणि ते वाचून मालकांना फार बरे वाटेल. मला त्या गणितात न दिसणाऱ्या एका खेळाडूबद्दल लिहायचे आहे.

अ‍ॅलेक्स कारूसो २०२० मध्ये लेकर्सच्या विजेत्या संघात होता. तो तारा नव्हता, ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडलेही नव्हते, पण सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत तो मैदानावर असे, आणि का असे ते पाहणाऱ्याला उमगत असे. २०२१ च्या उन्हाळ्यात शिकागो बुल्सने त्याला ४ वर्षांसाठी ३.७ कोटी डॉलर दिले. म्हणजे वर्षाला एक कोटीहूनही कमी. लेकर्स त्या वेळी कराच्या रेषेच्या वर होते, आणि हिशेबनीस यांनी मांडला तोच हिशेब मांडून त्यांनी त्याला जाऊ दिले. पुढे २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीने त्याला शिकागोकडून घेतले. २०२५ मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या दुसऱ्या फेरीतील सातव्या सामन्यात प्रशिक्षकाने या साडेसहा फुटांच्या आतल्या गार्डला जवळजवळ सात फुटी निकोला योकिचच्या अंगावर सोडले. तो योकिचच्या पुढे उभा राहून पास अडवत होता, मांडीने ढकलत होता, चेंडू हातात पडण्याआधीच हात घालत होता. ओक्लाहोमाने तो सामना १२५-९३ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवले. २०२१ मध्ये कारूसोची ‘करासहित’ किंमत जास्त आहे असे जे म्हणाले, त्यांनी या सामन्याची किंमत कशी लावली असती?

मला दुसरे उदाहरण अधिकच बोचते. स्टीव्ह नॅशच्या काळात फिनिक्स सन्स वर्षानुवर्षे विजेतेपदाच्या जवळ होते. २००७ मध्ये त्यांनी कराचा भार कमी करण्यासाठी कर्ट टॉमस हा आपला अनुभवी मोठा खेळाडू सिअ‍ॅटलला दिला, आणि तो घ्यावा म्हणून सोबत पहिल्या फेरीच्या दोन निवडी फुकट दिल्या. त्यातल्या एका निवडीतून सर्ज इबाका मिळाला. नॅश फिनिक्सकडून अंतिम मालिकेत कधीच खेळू शकला नाही. असा खेळाडू पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसताना त्याच्या उमेदीच्या वर्षांत काटकसर करणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

सिअ‍ॅटलचा तोच संघ ओक्लाहोमा सिटीला गेला आणि त्याच इबाकामुळे पुढची गोष्ट घडली, हेही येथे सांगायला हवे. २०१२ च्या अंतिम मालिकेत मायामीकडून हरलेल्या त्या संघात केविन ड्युरांट, रसेल वेस्टब्रूक आणि जेम्स हार्डन हे तिघेही होते आणि तिघांचेही वय तेवीसच्या आसपास होते. ऑगस्टमध्ये इबाकाचा करार वाढवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये हार्डनला ह्यूस्टनला धाडण्यात आले. हार्डनने मागितलेली रक्कम आणि संघाने देऊ केलेली रक्कम यांतला फरक चार वर्षांत मिळून ५० लाख डॉलरच्या आसपास असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. पुढे हे तिघेही वेगवेगळ्या वर्षी लीगचे एमव्हीपी (हंगामातील सर्वोत्तम खेळाडू) झाले: ड्युरांट २०१४, वेस्टब्रूक २०१७, हार्डन २०१८. तो संघ पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचायला २०२५ साल उजाडले, तोवर त्या तिघांपैकी एकही तेथे उरला नव्हता.

बाकावरून

पाचवा खेळाडू यांनी निवडलेली उदाहरणे मनाला भिडणारी आहेत, पण ती एकाच बाजूची आहेत. पैसे न मोजून पस्तावलेले संघ सगळ्यांना आठवतात. मोजून पस्तावलेल्यांची यादीही काही लहान नाही.

ब्रुकलिन नेट्सचे घ्या. २०१३ मध्ये त्यांचे मालक मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी केविन गार्नेट आणि पॉल पीअर्स यांना आणण्यासाठी ड्राफ्टच्या निवडी वाटून टाकल्या आणि २०१३-१४ च्या हंगामात सुमारे ९ कोटी डॉलर निव्वळ करापोटी भरले. संघ दुसऱ्या फेरीत मायामीकडून ४-१ असा हरला. त्या निवडींतून बॉस्टनला पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले. औदार्याचे असे फळ प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पडलेले मी दुसरे पाहिलेले नाही. फिनिक्सच्या नव्या मालकांनी तर पाचवा खेळाडू यांना हवे तेच केले. त्यांनी हात आखडता घेतला नाही. २०२४-२५ मध्ये त्यांचा संघ लीगमध्ये सर्वांत महागडा होता, ३६ सामने जिंकला, ४६ हरला आणि प्ले-ऑफला मुकला. ब्रॅडली बील याला करारातून मोकळे करताना उरलेली रक्कम पाच वर्षांवर पसरवावी लागली, त्यामुळे २०२९-३० पर्यंत संघात नसलेल्या खेळाडूचे वेतन त्यांच्या खात्यावर चढत राहील.

यावर ‘ते खेळाडू बाहेरून आणलेले होते, आपले राखलेले नव्हते’ असे उत्तर येईल, म्हणून जॉन वॉलचे उदाहरण देतो. वॉशिंग्टनने २०१० मध्ये स्वतः ड्राफ्ट केलेल्या या गार्डला २०१७ मध्ये ४ वर्षांचा १७ कोटींचा सुपरमॅक्स करार दिला. निष्ठेला निष्ठेने उत्तर, असे सगळ्यांना वाटले. तो करार सुरू होण्याआधीच वॉल जायबंदी झाला, मग अकिलीसची शीर तुटली, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याला वेस्टब्रूकच्या बदल्यात देऊन संघाने सुटका करून घेतली. सुपरमॅक्स ही सोय संघांना आपले तारे राखता यावेत म्हणून २०१७ च्या करारात आणली गेली होती. प्रत्यक्षात तिने काही संघांना असा प्रश्न विचारायला लावला, जो पूर्वी कोणी विचारत नव्हता: हा खेळाडू उत्तम आहे, पण एकट्याने वेतनमर्यादेचा ३५ टक्के भाग खाण्याइतका उत्तम आहे का?

आणि जाऊ दिले म्हणजे बुडालेच, असेही नसते. डॅलसने २००४ मध्ये स्टीव्ह नॅशला फिनिक्सला जाऊ दिले. नॅश लागोपाठ दोनदा एमव्हीपी झाला, डॅलसची पुरेपूर चेष्टा झाली, आणि तरीही २००६ मध्ये अंतिम मालिकेत पोहोचला तो डॅलसच आणि २०११ मध्ये विजेतेपद मिळवले तेही डॅलसनेच.

तळरेषा

सर्वांचे आभार. बाकावरून यांच्या प्रतिसादामुळे मला एक उपप्रश्न सुचला. आपण सगळे भार मालकाच्या डोक्यावर ठेवत आहोत. खेळाडूने स्वतःहून कमी रक्कम घ्यावी, अशी अपेक्षा कितपत योग्य आहे? २०२४ च्या जुलैमध्ये जेलन ब्रन्सनने न्यूयॉर्क निक्सशी ४ वर्षांसाठी १५.६५ कोटींचा करार केला. एक वर्ष थांबला असता तर त्याला ५ वर्षांसाठी सुमारे २६.९ कोटी मिळू शकले असते. त्याच उन्हाळ्यात निक्सने मिकाल ब्रिजेस आणि कार्ल-अँथनी टाउन्स यांना आणले. मग मालकांऐवजी खेळाडूंकडेच हा त्याग मागावा काय?

अर्धवेळ प्रेक्षक

ब्रन्सनने जे केले त्याबद्दल आदर आहे, पण ती अपेक्षा म्हणून रूढ झाली तर मला ते मुळीच आवडणार नाही. याचे कारण असे की, मोठ्या खेळाडूंना आजही त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा कमीच मिळते.

मायकल जॉर्डनला १९९७-९८ च्या हंगामात शिकागोने ३.३ कोटी डॉलर दिले. त्या वर्षी सबंध संघासाठीची वेतनमर्यादा २.६९ कोटी होती. म्हणजे एका खेळाडूचे वेतन अख्ख्या संघाच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि तरीही मालक जेरी राइन्सडॉर्फ यांचा तो सौदा तोट्याचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. नंतर वैयक्तिक कमाल वेतनाची मर्यादा आली. आता खेळाडू कितीही मोठा असो, अनुभवानुसार त्याचा पहिल्या वर्षाचा आकडा वेतनमर्यादेच्या २५, ३० किंवा फार तर ३५ टक्क्यांवर थांबतो. याचा अर्थ ओक्लाहोमाचा शे गिल्जस-अलेक्झांडर किंवा डेन्व्हरचा योकिच जेव्हा ‘कमाल’ करारावर सही करतो, तेव्हा त्याने आधीच मोठी सूट दिलेली असते; फक्त ती सूट नियमांनी त्याच्याकडून घेतलेली असल्यामुळे तिचे श्रेय त्याला मिळत नाही. त्याच जॉर्डनच्या शेजारी स्कॉटी पिपेन १९९१ साली केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारावर अतिशय कमी वेतनात वर्षानुवर्षे खेळला, हेही विसरू नये. संघ एकत्र राहण्याचे मोल त्या वेळी मालकाने नव्हे, पिपेनने मोजले.

गोल्डन स्टेटचेही तसेच आहे. २०१६ मध्ये ड्युरांट तेथे जाऊ शकला, कारण एक तर नव्या टीव्ही करारामुळे वेतनमर्यादा एका उडीत ७ कोटींवरून ९.४ कोटींवर गेली होती, आणि दुसरे म्हणजे स्टेफन करीने घोट्याच्या दुखापतींच्या काळात, २०१२ मध्ये, ४ वर्षांसाठी अवघ्या ४.४ कोटींचा करार केला होता. पुढे मालकांनी पैसे मोजले, भरपूर मोजले. २०२१-२२ च्या विजेत्या संघाचे वेतन आणि कर मिळून ३४ कोटी डॉलरच्या पुढे गेले. त्याचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण ज्या घरावर त्यांनी मजले चढवले, त्याचा पाया करीच्या स्वस्त कराराने घातला होता.

खेळाडूंचा एकूण वाटा लीगच्या बास्केटबॉलमधील उत्पन्नाच्या सुमारे निम्मा ठरलेला आहे. एखाद्या मालकाने पैसे वाचवले म्हणून खेळाडूंची एकूण कमाई कमी होत नाही, किंवा एखाद्या ताऱ्याने कमी घेतले म्हणून मालकांचा एकूण वाटा वाढत नाही. त्यामुळे मालकाने पैसे मोजावेत की नाही हा प्रश्न खेळाडूंवरील अन्यायाचा फारसा नाहीच. तो त्या शहरातील चाहत्यांशी असलेल्या प्रामाणिकपणाचा आहे, कारण तिकीट त्यांनी काढलेले असते आणि संघ मोडला जाताना त्यांना कोणी विचारत नाही.

पाचवा खेळाडू

अर्धवेळ प्रेक्षक यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. बाकावरून यांना एवढेच सांगतो की नेट्स आणि फिनिक्स यांनी दुसऱ्यांचे उतरणीला लागलेले किंवा अवाजवी करारांत अडकलेले खेळाडू विकत घेतले. मी ज्यांच्याबद्दल बोलतो आहे ते संघाने स्वतः घडवलेले आणि चढणीवर असलेले होते. वॉलचे उदाहरण मात्र अडचणीचे आहे, हे खरे. दुखापतीवर कोणाकडेच उत्तर नाही.

हिशेबनीस

चर्चेत पैसे असूनही ते मोजता न येण्याचा मुद्दा थोडा मागे पडला, म्हणून एक उदाहरण देतो. २०२३ मध्ये डेन्व्हर विजेते ठरले तेव्हा ब्रूस ब्राउन त्यांच्या बाकावरचा सर्वांत भरवशाचा खेळाडू होता. तो संघात एकच हंगाम होता, त्यामुळे बर्डची पूर्ण सवलत त्याला लागू नव्हती आणि डेन्व्हरला त्याच्या आधीच्या वेतनाच्या १२० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षाला ८० लाखांच्या आतच रक्कम देता येत होती. इंडियानाने २ वर्षांसाठी ४.५ कोटी देऊ केले. मालकाने तिजोरी सताड उघडी ठेवली असती तरी उपयोग नव्हता. त्यानंतरच्या वर्षी केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप ३ वर्षांच्या ६.६ कोटींच्या करारावर ऑर्लँडोला गेला, तेथे मात्र डेन्व्हरला पैसे मोजता आले असते. त्यांनी सेकंड एप्रनकडे बोट दाखवले. या दोन प्रसंगांना चाहते एकाच मापाने मोजतात. माझ्या मते पहिल्याबद्दल मालकाला दोष देणे अन्यायाचे आहे आणि दुसऱ्याबद्दल न देणे भाबडेपणाचे.

ओक्लाहोमा सिटीची खरी कसोटी आता आहे. गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन या तिघांना २०२५ च्या जुलैत दिलेले वाढीव करार मिळून पाऊण अब्ज डॉलरच्या पुढे जातात. हार्डनच्या वेळी जे केले नाही ते त्यांनी या वेळी केले. पण त्याचा भार २०२६-२७ च्या हंगामापासून पडू लागेल, आणि तेव्हाच आयझाया हार्टेनस्टाइनच्या ८.७ कोटींच्या करारातले तिसरे वर्ष ठेवायचे की सोडायचे हे संघाला ठरवावे लागेल, कारण ते वर्ष संघाच्या मर्जीवर आहे. त्यांच्याजवळ एक उपाय असा आहे की ड्राफ्टच्या भरपूर निवडी हाताशी असल्यामुळे जाणाऱ्याची जागा स्वस्तातला नवखा खेळाडू भरू शकतो. जेलन विल्यम्स स्वतः असाच आला. २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवताना गिल्जस-अलेक्झांडरसोबत ज्या निवडी मिळाल्या, त्यांपैकी एकीतून तो घेतला गेला. मुख्य तिघांसाठी हात सैल आणि चौथ्यापासून पुढे कठोर, असे धोरण मला पटते. कारूसोसारखा खेळाडू त्यात कधीतरी हातचा जाईल, हे धरून चालावे लागेल.

तळरेषा

मग इंडियानाच्या जागी आपण असता तर टर्नरला राखले असते का? एका वाक्यात उत्तर मिळाले तरी चालेल.

हिशेबनीस

एका वाक्यात जमणार नाही, पण उत्तर होकारार्थी आहे.

हॅलिबर्टन नसलेल्या वर्षी विजेतेपदाची आशा नाही, मग त्या वर्षासाठी कर कशाला भरायचा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण करार एका वर्षाचा नव्हता. टर्नर एकोणतीस वर्षांचा होता आणि हॅलिबर्टन परत येईल तेव्हाही तो उपयोगी पडला असता. लांबून तीन गुणांचा फटका मारणारा आणि बास्केटजवळ फटके अडवणारा सेंटर बाजारात सहज मिळत नाही. तसा मिळत असता तर बक्सने त्याला आणायला जागा करण्यासाठी डेमियन लिलार्डला करारातून मोकळे करून त्याचे सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांवर पसरवले नसते. टर्नरला ठेवल्यावर इंडियाना कराच्या रेषेच्या थोडी वर गेली असती. वारंवार कर भरणाऱ्यांत ती मोडत नसल्याने दर सर्वांत खालचा लागला असता, आणि कर शेवटच्या दिवशीच्या वेतनावर ठरत असल्याने फेब्रुवारीपर्यंत एखादा लहान करार दुसरीकडे पाठवून त्या रेषेखाली परत येण्याची वाटही मोकळी होती. म्हणून मी आधी टर्नरची सही घेतली असती आणि कराचे काय करायचे ते फेब्रुवारीत पाहिले असते.